बडीशेपेच्या गावाहून अथेन्सला

मॅरेथॉन म्हणजे बडीशेप, हे ज्ञान मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी झाले. ग्रीक भाषेत बडीशेपेला ‘मारथॉन’ म्हणतात. अथेन्सच्या ईशान्येला समुद्रकाठच्या एका मैदानात ती पूर्वी उदंड माजलेली असे, म्हणून त्या जागेला हे नाव पडले असे सांगतात. आपल्याकडे भरपेट जेवण झाल्यावर जी चिमूटभर तोंडात टाकून माणूस आडवा होतो, तिच्याच नावाने जगभरची माणसे पहाटे उठून बेचाळीस किलोमीटर धावत सुटतात, याची मला मोठी मौज वाटली. बडीशेप खाऊन आडवे होणाऱ्यांच्या पंथातला मी. धावत सुटणाऱ्यांच्या पंथात आमची सौभाग्यवती.

तिला या पंथाची दीक्षा देण्याचे पाप माझेच. २०१७ साली डॉक्टरांनी माझ्या रक्तातली साखर पाहून मला रोज पाऊण तास चालायची आज्ञा केली. एकटे जायचा कंटाळा, म्हणून मी हिला बरोबर घेतले. पहिले पंधरा दिवस आम्ही दोघे अगदी जोडीने पुण्याच्या संभाजी उद्यानाला फेऱ्या घातल्या. तिसऱ्या आठवड्यात पाऊस आला. मी घरी राहिलो आणि ही छत्री घेऊन गेली. तो पाऊस माझ्यापुरता अजून थांबलेला नाही. हिने मात्र पुढे छत्री टाकली, चपला टाकून बूट घेतले आणि एके दिवशी चालणे टाकून धावणे घेतले. शाळेत इतिहास शिकवणारी, त्रेपन्न वर्षांची, गुडघ्याला पट्टा बांधणारी बाई ओढणी कमरेला खोचून फर्ग्युसन रस्त्यावरून धावते, हे प्रथम पाहिले तेव्हा मी क्षणभर दुसऱ्या फुटपाथवर गेलो होतो, हे आज कबूल करायला हरकत नाही.

मी विरोध केला नाही. पण मी गेलोही नाही. साताऱ्याला यवतेश्वराचा डोंगर चढून ती अर्धी मॅरेथॉन धावून आली, तेव्हा मी घरी होतो. तिची पदके शयनगृहाच्या दारामागे एका खिळ्याला लटकू लागली. दार उघडले की ती वाजत. मी म्हणे, “हे देवळातल्या घंटांसारखं झालंय.” ही हसे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चारचा गजर लावी.

जानेवारी २०२३ मध्ये मुंबईची पूर्ण मॅरेथॉन होती. आम्ही दादरला माझ्या बहिणीकडे उतरलो होतो. ही पहाटे तीनला एकटीच टॅक्सीने गेली. मी साडेआठला उठून पोहे खाल्ले, वर्तमानपत्र वाचले. साडेअकराच्या सुमाराला ही आली. “झालं?” मी विचारले. “झालं,” ती म्हणाली आणि अंघोळीला गेली. पोहे गरम करून ठेवले होते, ते तिने खाल्ले. त्या दिवशी ती फार बोलली नाही, पण एवढे धावल्यावर कोण बोलेल, असे मी समजलो. तीन आठवड्यांनी खोलीचा रंग काढायचा म्हणून मी तो खिळा रिकामा केला आणि सहज पदके मोजली. मुंबईचे त्यात नव्हते. मी पुन्हा मोजली. मग ती सगळी होती तशी लटकवली आणि रंगाऱ्याला म्हटले, दार राहू द्या.

याबद्दल आमच्यात एक शब्दही झाला नाही. एप्रिलमध्ये ही म्हणाली, “मला नोव्हेंबरात अथेन्सला धावायचंय. मूळ वाटेवर.” ती नुकतीच शाळेतून निवृत्त झाली होती. मी म्हणालो, “मी येतो.” तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. “कुठपर्यंत?” हा प्रश्न मला त्या वेळी चेष्टेचा वाटला.

पैशांचा, व्हिसाचा आणि थंडीच्या कोटाचा अध्याय मी गाळतो. परदेशी गेलेल्या प्रत्येक मराठी माणसाने तो लिहिला आहे. आप्तेष्टांनी मात्र एकच प्रश्न लावून धरला: “ऐन दिवाळीत?” कारण शर्यत होती रविवार, १२ नोव्हेंबर २०२३ रोजी, आणि त्या दिवशी पहाटे नरकचतुर्दशी अन् संध्याकाळी लक्ष्मीपूजन. माझ्या मेहुण्यांनी तर, “या वयात ग्रीसला जाऊन धावायचं काय कारण?” असे स्पष्टच विचारले. हिचे माहेर बेळगावचे. ती म्हणाली, “आमच्या बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. त्यांना कुणी कारण विचारलं नव्हतं.” मेहुणे गप्प झाले. बेळगावकराने बेळगावचा माणूस काढला की पुण्याचा माणूस काही बोलू शकत नाही, हा माझा संसारातला जुना अनुभव आहे.

अथेन्सला आम्ही गुरुवारी पोहोचलो आणि धनत्रयोदशीच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, बसने मॅरेथॉनला गेलो. “रविवारी मला काही दिसणार नाही, पुढच्याची पाठ तेवढी दिसेल,” असे हिचे म्हणणे. ज्या वाटेने ती धावणार त्याच वाटेने आम्ही उलटे गेलो. खिडकीशी बसून ती चढ-उतार वहीत टिपत होती. मी समुद्र कधी दिसतो ते पाहत होतो. या वाटेची गंमत अशी की दहाव्या किलोमीटरपासून एकतिसाव्यापर्यंत ती बहुतेक चढतच जाते. कात्रजचा घाट कोणीतरी मऊ करून लांब ओढावा, तसा तो चढ आहे. बसमध्ये तो कळतही नाही. “ज्याला कळत नाही तोच चढ वाईट,” ही म्हणाली आणि वहीत एक रेघ ओढली.

मॅरेथॉनचे मैदान पाहून इतिहासाच्या पुस्तकातला माणूस जरा निराश होतो. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे डोंगर, मध्ये भाजीचे मळे, काचेची शेतघरे आणि मोटारींचा रस्ता. पण ऑलिव्हच्या झाडांमध्ये एक मातीचा गोल टेकाड आहे. उंची नऊ मीटर म्हणजे आपल्या तीन मजली घराएवढी. इसवी सनापूर्वी ४९० साली इराणच्या फौजेशी लढताना पडलेल्या अथेन्सकरांना एकत्र मूठमाती दिली, ती ही जागा. हिरोडोटस त्यांचा आकडा देतो: १९२. शत्रूकडचे ६४०० पडले असेही तो सांगतो, पण शत्रूचे आकडे जिंकणाऱ्याने सांगितलेले असतात, असे आमच्या बाई म्हणाल्या. निवृत्त झाल्या तरी बाईंचा तास चालूच होता.

तिथेच बाकावर बसून तिने मला जे सांगितले त्याने माझ्या शाळकरी समजुतीला सुरुंग लागला. लढाई जिंकल्यावर फिडिपिडिस नावाचा जासूद मॅरेथॉनहून अथेन्सला धावत गेला, “आपण जिंकलो” म्हणाला आणि कोसळून मेला, हे आपण सगळे शिकलो. हिरोडोटसने लढाईनंतर जेमतेम अर्ध्या शतकाने लिहिले, पण त्याच्या ग्रंथात हे काहीच नाही. त्याचा फिडिपिडिस लढाईच्या आधी मदत मागायला अथेन्सहून स्पार्टाला गेला, म्हणजे सव्वादोनशे किलोमीटरहून अधिक, आणि दुसऱ्या दिवशी तिथे पोहोचला. मेला वगैरे नाही. निरोप सांगून प्राण सोडणारा धावपटू प्रथम भेटतो तो प्लुटार्ककडे, लढाईनंतर जवळजवळ सहाशे वर्षांनी, आणि तिथे त्याचे नावही निराळे आहे. मग १८९६ साली अथेन्सला आधुनिक ऑलिंपिक भरले तेव्हा मिशेल ब्रेआल या फ्रेंच पंडिताने सुचवले की या वाटेवर एक शर्यत ठेवा. तोवर मॅरेथॉन नावाची शर्यतच जगात नव्हती. ती मारूसी गावच्या स्पिरिडॉन लुइस नावाच्या पाणक्याने जिंकली, २ तास ५८ मिनिटे ५० सेकंदांत. तेव्हा अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास होते. आजचे ४२ किलोमीटर १९५ मीटर हे माप १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधले आणि ते कायम झाले १९२१ साली.

“म्हणजे जे कधी घडलंच नाही त्याची ही शर्यत?” मी विचारले.

“घडलं नव्हतं, म्हणून आता घडवतात,” ही म्हणाली आणि बाटलीतले पाणी प्यायली.

बसच्या थांब्याकडे येताना रस्त्याच्या कडेला वाळलेली उंच झुडपे दिसली. छत्रीसारखे तुरे, त्यांवर बी. मी एक तुरा चुरगळून नाकाशी नेला. बडीशेप! नाव अजून खोटे झाले नव्हते. मी चिमूटभर बी कोटाच्या खिशात टाकली. ही म्हणाली, “आता जेवण कुठे झालंय तुमचं?”

शनिवारी ती पलंगावर पाय वर करून पडली आणि मला माझे काम समजावून देण्यात आले. धावणाऱ्यांचे नवरे आणि बायका ही एक निराळी जात आहे, हे मला अथेन्सच्या त्या हॉटेलात कळले. नाश्त्याच्या वेळी ही जात ओळखू येते. धावणारा ताटात भात आणि पाव मोजून घेत असतो. त्याच्या शेजारी एक अस्वस्थ माणूस हातात दुसऱ्याचा कोट, दुसऱ्याचे केळे आणि दुसऱ्याची मोज्यांची जोडी घेऊन बसलेला असतो. एक जर्मन गृहस्थ होते. त्यांच्या पत्नीची ही चोविसावी मॅरेथॉन. त्यांनी माझ्याकडे पाहून फक्त मान हलवली. सासुरवाडीला प्रथमच आलेल्या जावयाकडे जुना जावई पाहतो, तसे.

माझे काम हिने कागदावर लिहून दिले. धावणाऱ्यांना पहाटे बसमध्ये घालून मॅरेथॉनला नेतात, तिकडे प्रेक्षकांनी जाऊन उपयोग नाही. मी मेट्रोने आइया पारास्केव्ही स्टेशनला जायचे. तिथे एकतिसाव्या किलोमीटरला चढ संपून वाट शहराकडे उतरू लागते, आणि बत्तिसाव्याच्या जवळपास तिला मी दिसायला हवा. डाव्या हाताला मीठ आणि लिमलेटच्या गोळ्या, उजव्या हाताला पाणी. वेळ: दुपारी १ वाजून ५० मिनिटे. मी म्हणालो, “त्यापेक्षा शेवटी स्टेडियममध्येच थांबतो, फोटो चांगला येईल.” ती म्हणाली, “शेवटी सगळेच असतात. बत्तीसला कुणी नसतं.”

नरकचतुर्दशीच्या पहाटे पावणेचारला आम्ही अथेन्समध्ये अभ्यंगस्नान केले. उटणे पुण्याहून नेले होते. तेल तिला तसेही पायांना लावायचे होते, तेव्हा धर्म आणि शर्यत दोन्ही एका वाटीत बसले. स्नानगृहाला जो सुगंध आला तो पाहता सफाईला आलेल्या बाईने काय तर्क केला असेल देव जाणे. कारीट कुठून आणणार? आदल्या रात्रीच्या जेवणातले एक हिरवे ऑलिव्ह मी कागदी रुमालात गुंडाळून आणले होते. पण ते पायाने फोडायला हिने साफ नकार दिला. अंगठ्याच्या नखाला तिने चिकटपट्टी लावली होती. शेवटी दोघांच्याही वतीने नरकासुर मीच मारला. साडेपाचला सिंटाग्मा चौकातून तिची बस सुटली. काचेआडून तिने हात केला नाही, ती बुटाची नाडी पाहत होती.

नऊला शर्यत सुटली. पुढचे लोक म्हणजे वाराच. केनियाचा एडविन किपटू २ तास १० मिनिटे ३४ सेकंदांत पोहोचला आणि त्याने या वाटेवरचा विक्रम मोडला, तेव्हा आमच्या सौभाग्यवती दहाव्या किलोमीटरच्या पुढे कुठेतरी चढ चढत होत्या. हिचा गट मागचा, तो नऊ चाळीसला सुटला. धावणाऱ्याच्या क्रमांकाला एक चकती असते आणि दर पाच किलोमीटरला त्याची वेळ आपल्या मोबाइलवर उमटते. पाच किलोमीटर झाले, दहा झाले, पंधरा झाले. बारा एकतीसला वीस उमटले. मी समाधानाने एक कॉफी घेतली आणि मेट्रोत बसलो.

इथे मला ग्रीक भाषेविषयी थोडे सांगितले पाहिजे. आइया पारास्केव्हीला मी उतरलो, एका जिन्याने वर आलो, तर समोर रिकामा रस्ता आणि बंद दुकाने. शर्यतीचे नावही नाही. कोपऱ्यावर वर्तमानपत्रे, सिगारेट आणि गोळ्या विकणारी एक टपरी होती. अथेन्समध्ये अशा टपऱ्या जागोजागी आहेत, आपल्या पानपट्टीच्या थोरल्या बहिणी. आतल्या म्हाताऱ्याला मी हातवारे करून विचारले, मॅरेथॉन इथूनच ना? तो म्हणाला, “ने, ने.” आणि मान थोडी खाली केली. आता ‘ने’ या शब्दात कुणाही मराठी माणसाला नकारच ऐकू येईल. मी त्याचे आभार मानले, पुन्हा खाली उतरलो आणि पुढच्या गाडीने पुढच्या स्टेशनला गेलो. तिथे तर माणूसच नव्हता. वीस मिनिटे भटकल्यावर एक मुलगी कुत्र्याला फिरवताना भेटली. तिला इंग्रजी येत होते. तिने सांगितले की ग्रीक भाषेत ‘ने’ म्हणजे ‘हो’. नाही म्हणायचे तर ‘ओही’ म्हणतात.

रविवारची गाडी. ती येईपर्यंत मी फलाटावर किती फेऱ्या घातल्या त्या मोजल्या असत्या तर डॉक्टर खूश झाले असते. परत येऊन दुसऱ्या जिन्याने वर आलो, कोपरा वळलो, आणि तो काय, रस्ताभर माणसे धावत होती! टपरीवाल्या बाबाच्या पाठीमागेच. घड्याळात एक पंचावन्न झाले होते.

पाच मिनिटे. आयुष्यात मी कार्यालयात यापेक्षा जास्त उशिरा रोज गेलो आहे. पण आता ती पुढे गेली की मागे आहे, हे कळायला मार्ग नव्हता. मोबाइल पाहिला तर तो अजून वीस किलोमीटरवरच. पंचवीस नाही, तीस नाही. वीसनंतर तासभराहून अधिक वेळ गेलेला. म्हणजे एक तर यंत्र बिघडले, किंवा ती थांबली. पाठीमागून रेंगाळणाऱ्यांना उचलून घेणाऱ्या गाड्या येतात, हे मला माहीत होते. ती गाडीत बसली असेल तर मी इथे उभा राहून काय उपयोग? ती पुढे गेली असेल तर? इथे मी न दिसल्यावर ती काय म्हणाली असेल? काहीच नाही. तीच तर माझी भीती होती. ती मुंबईलाही काही म्हणाली नव्हती.

मी उभा राहिलो. दुसरे काही करता येण्यासारखे नव्हते. माझ्या शेजारी एक आजोबा घरातून खुर्ची आणून बसले होते. त्यांच्या हातात बकरीच्या गळ्यातली असते तशी घंटा. येणाऱ्या प्रत्येकाला ते ती वाजवून “ब्राव्हो!” म्हणत, आणि चालत असलेल्यांना “पामे, पामे!” म्हणजे चला, चला. त्या वेळी तिथून जाणारी माणसे विक्रमवीर नव्हती. पोट सुटलेले गृहस्थ होते. मेणासारख्या चेहऱ्याच्या बायका होत्या. एकजण ओठांनी काहीतरी मोजत होता. एका बाईला तिच्या मुलीने फक्त हात लावला आणि ती बाई रडत पुढे गेली. कुणी कुणाकडे पाहत नव्हते. पाणी मागताना सुद्धा ते समोर कुठेतरी पाहत. गेली सहा वर्षे दर रविवारी आमच्या घरातून कोण बाहेर जात होते आणि पोह्याच्या वेळेला कोण परत येत होते, हे मी त्या रस्त्यावर पाहिले.

जवळच्या गोळ्या मी तोवर अनोळखी लोकांना वाटू लागलो होतो. एका इटालियनाने तीन नेल्या. मीठ मात्र राखून ठेवले.

दोन वाजून वीस मिनिटांनी वळणावर हिची निळी टोपी दिसली. टोपीत ऑलिव्हची एक डहाळी खोचलेली. नेआ माक्रीचे लोक धावणाऱ्यांना ती देतात. ती धावत नव्हती. चालत होती, डावा पाय किंचित ओढत. चेहऱ्यावर मिठाचे पांढरे ओघळ. मी पस्तीस वर्षांत रस्त्यावर ओरडलो नसेन इतक्या मोठ्याने ओरडलो, “अगं ए! इकडे! इकडे!” आजोबांनी घंटा वाजवली.

तिने हात पुढे केला. “मीठ.”

मी दिले. ती पाणी प्यायली. “किती वाजले?”

“दोन वीस.”

“मागची गाडी?”

“अजून नाही दिसली.”

“मग चला.”

वेळ संपायला आठ तासांची मुदत असते, म्हणजे घाबरण्याचे कारण नव्हते, पण ती थांबेना. म्हणून मी फुटपाथवरून तिच्या बरोबरीने चालू लागलो, कोट, पिशवी आणि केळ्यासकट. उतार सुरू झाला होता. बराच वेळ नुसते तिच्या बुटांचे आवाज. मग ती समोर पाहतच म्हणाली, “मुंबईला मी इथेच बसले. पेडर रोड यायच्या आधी. बत्तीसलाच.”

“माहीत आहे.”

“कसं?”

“खिळ्यावर एक कमी आहे.”

ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने टोपी नीट केली, डहाळी पडली नाही ना ते चाचपून पाहिले आणि हळूहळू धावू लागली. मी पाचपन्नास पावले तिच्या संगतीने धावलो, असे म्हणतो. आजोबांनी पाहिले असते तर त्यांना निराळा शब्द सुचला असता. मग फुटपाथ संपला, माझा श्वास त्याच्या आधीच संपला होता, आणि निळी टोपी इतर टोप्यांत मिसळून गेली.

स्टेडियमला मी तिच्या बऱ्याच आधी पोहोचलो. या वेळी ‘ने’ आणि ‘ओही’ दोन्ही पाठ होते. अथेन्सचे हे जुने स्टेडियम सबंध संगमरवरी आहे, पेंटेली डोंगराच्या दगडाचे. तिथले लोक त्याला ‘काल्लिमार्मारो’ म्हणतात, म्हणजे सुंदर संगमरवराचे. आकार घोड्याच्या नालाचा. १८९६ चे ऑलिंपिक इथेच झाले आणि २००४ ची ऑलिंपिक मॅरेथॉनही इथेच संपली. मी पायऱ्यांवर बसलो. दगड गार होता, पण माझ्या पायांना तो गादीसारखा वाटला.

१८९६ साली याच वाटेवर स्तामाता रेविथी नावाची एक गरीब ग्रीक बाई धावली होती. पुरुषांच्या शर्यतीत तिला घेतले नाही, म्हणून ती दुसऱ्या दिवशी एकटीच मॅरेथॉनहून निघाली आणि सुमारे साडेपाच तासांत अथेन्सला आली. तिला स्टेडियमच्या आत येऊ दिले नाही. बाहेरच तिने लोकांकडून आपली वेळ कागदावर लिहून घेतली. पुढे तिचे काय झाले ते कुणाला ठाऊक नाही. बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये यायला १९८४ साल उजाडले. हे मला टेकाडाजवळच्या बाकावर सांगताना हिचा आवाज बाईंच्या तासासारखा राहिला नव्हता. आता दर मिनिटाला दोनचार बायका त्या दारातून आत येत होत्या आणि मी प्रत्येकीची टोपी पाहत होतो.

चार वाजायला आले. सव्वा तास मी डोळ्याची पापणी लवू दिली नाही. तेवढ्यात फोन वाजला. पुण्याहून मुलगा. तिकडे साडेसात वाजून गेलेले, मागे फटाक्यांचा दणदणाट, सूनबाई लक्ष्मीपूजनाची आरती कुठली घ्यायची ते विचारत होती. मी एका कानात बोट घालून म्हटले, “काय? मोठ्यानं बोल!”

“बाबा, आई पोहोचली! मोबाइलवर आलंय! सहा तास एकवीस मिनिटं!”

मी मान वर केली. निळी टोपी रेघेच्या पलीकडे होती आणि एक तरुण तिच्या गळ्यात पदक घालत होता. पुण्यात बसलेल्या पोराला जे दिसले ते मला पन्नास पावलांवरून दिसले नव्हते.

बाहेर ती एका झाडाला टेकून उभी होती. बसली तर उठता येणार नाही म्हणून. मी कोट दिला आणि खरे ते सांगून टाकले, “अगं, शेवटी मला तू दिसलीच नाहीस.”

“मला दिसलात ना,” ती म्हणाली. “फोनवर होतात.”

आणि ती अशी काही हसू लागली की मुख्यतः पाय दुखल्यामुळे थांबली.

त्या संध्याकाळी हॉटेलच्या टेबलावर लक्ष्मीपूजन झाले. घरून आणलेले चांदीचे नाणे, शेजारी पदक, त्यावर ऑलिव्हची डहाळी. दिवा गॅलरीत लावला, कारण छताला धुराची घंटा होती. नैवेद्याला कोपऱ्यावरच्या दुकानातले लुकुमादेस आणले. मधात बुडवलेले तळलेले गोळे, आपल्या गुलगुल्यांची चुलत भावंडे. माझ्या साखरेचा विषय त्या दिवशी कुणी काढला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या जिन्यावर मौज होती. बेचाळीस किलोमीटर धावलेल्या माणसाला जिना चढता येतो, उतरता येत नाही. नाश्त्याला सगळी मंडळी कठडा धरून पाठमोरी खाली येत होती आणि प्रत्येकाच्या खाली एक एक नवरा किंवा बायको हात पसरून उभी होती. जर्मन गृहस्थ माझ्या शेजारी होते. त्यांनी पुन्हा मान हलवली, पण या वेळी जरा सरकून मला जागाही दिली.

पुण्याला आल्यावर कोट धुलाईला द्यायचा म्हणून हिने खिसे झटकले. मेट्रोचे तिकीट निघाले, दोन लिमलेटच्या गोळ्या निघाल्या आणि चिमूटभर बडीशेप निघाली. तिने ती निवडली आणि दिवाणखान्यातल्या डब्यात, नेहमीच्या बडीशेपेत मिसळून टाकली. पुढच्या रविवारी मेहुणे जेवायला आले होते. त्यांनी मूठभर तोंडात टाकली आणि माझ्याकडे वळून विचारले, “मग? पाहिलीत का शेवटी हिची शर्यत?”

“ने,” मी म्हणालो.